करंट पडद्यावर येतो कसा?

सेकंदाला एक अब्ज नोंदी! आज कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, विजेचा आलेख पडद्यावर काढणारा साधा डिजिटल ऑसिलोस्कोपही एवढ्या वेगानं मोजू शकतो. दोन नोंदींच्या मधल्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ३० सेंटिमीटर पुढे जातो. आणि नवल म्हणजे, अशा यंत्राला करंट थेट मोजता येत नाही. त्याला कळतं ते फक्त व्होल्टेज. म्हणून करंटचं आधी व्होल्टेजमध्ये रूपांतर करावं लागतं.

एक वाट ओहमच्या नियमाची. करंटच्या मार्गात ०.१ ओहमचा रेझिस्टर घातला, की १ अँपिअरला त्याच्या दोन टोकांत १०० मिलिव्होल्ट मिळतात. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवर मात्र हा प्रयोग करू नये. प्रोबची, म्हणजे मोजणीच्या तारेची, काळी क्लिप बहुतेक ऑसिलोस्कोपमध्ये आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला टेकली की शॉर्टसर्किट!

दुसरी वाट जास्त विलक्षण, कारण तिच्यात तार कापावीही लागत नाही. १८२० साली डेन्मार्कमध्ये अर्स्टेडनं पाहिलं, की तारेतून करंट सोडताच शेजारच्या होकायंत्राची सुई वळते. करंटभोवती चुंबकीय क्षेत्र असतंच. १८७९ मध्ये अमेरिकेत एडविन हॉलनं सोन्याच्या पातळ वर्खातून करंट सोडला, वर्ख चुंबकीय क्षेत्रात धरला आणि त्याच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज उमटलेलं दाखवलं. तारेला चिमट्यासारखं धरणाऱ्या आजच्या अनेक क्लॅम्प प्रोबच्या जबड्यात हाच हॉल परिणाम कामाला लावलेला असतो. करंट फारच कमी असेल, तर तीच तार जबड्यातून दहा वेळा फिरवायची; सिग्नल दहापट होतो.

आता मोबाइलच्या चार्जरकडे जाणाऱ्या एकाच तारेला क्लॅम्प लावा. भिंतीतून येणारं व्होल्टेज संथ लाटेसारखं असतं, पण करंट बराच वेळ जवळजवळ शून्यावर पडून राहतो आणि लाटेच्या माथ्याजवळ एकदम सुळक्यासारखा उसळतो. चार्जरमधला कपॅसिटर तेवढ्याच वेळात स्वतःला भरून घेतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात असे सुळके सेकंदाला शंभर. मल्टिमीटर फक्त एक आकडा दाखवतो. करंटचा हा स्वभाव आलेखातच दिसतो.

हाच क्लॅम्प फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांभोवती लावला, तर पडद्यावर सपाट रेघ येते. जितका करंट जातो तितकाच परत येतो आणि दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. ही रेघ निरुपयोगी समजू नका. मेन बोर्डातली आरसीसीबी ही सुरक्षेची कळ अहोरात्र याच शून्यावर पहारा देते. कुणाच्या अंगातून जमिनीकडे करंट वाहू लागला, की जाणाऱ्या-येणाऱ्या करंटचा हिशेब चुकतो. आणि फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचला, की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. न कापलेल्या तारेभोवतीचं चुंबकत्व असं माणसाचा जीव वाचवतं.