सोडियम कमी दाखवलंय, पण खरंच कमी आहे का?

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात एकाच जातीचं प्रथिन रक्तात भरमसाट वाढू शकतं. त्यामुळे रिपोर्टमधला सोडियमचा आकडा फसवा येऊ शकतो, आणि हे रुग्णाच्या घरच्यांना कुणी सहसा सांगत नाही.

सोडियम विरघळतं ते रक्तद्रवातल्या पाण्यात. एरवी हे पाणी सुमारे 93 टक्के असतं. उरलेली जागा प्रथिनं आणि चरबीची. लॅबमधली मोठी यंत्रं नमुना आधी पातळ करतात आणि पाणी 93 टक्केच आहे असं गृहीत धरून हिशेब मांडतात. प्रत्येक लिटर पाण्यात सोडियम 150 असेल, तर रिपोर्टवर नेहमीसारखं 140 येतं. आता प्रथिनांनी जागा अडवली आणि पाणी 88 टक्क्यांवर आलं, तर तेच यंत्र 132 दाखवतं. पाण्यातलं सोडियम मात्र तसूभरही बदललेलं नसतं!

धोका पुढे आहे. हा आकडा खरा मानून पाणी पिण्यावर बंधन घातलं, तर मायलोमात आधीच नाजूक असलेल्या किडन्यांना त्रास होऊ शकतो.

आयसीयूतलं एबीजी (रक्तातले वायू तपासणारं) मशीन नमुना पातळ न करता मोजतं, म्हणून त्याचा आकडा इथे जास्त भरवशाचा. सोडियम असं नुसतं दिसायला कमी असेल, तर सीरम ऑस्मोलॅलिटीही (रक्तद्रवात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) नेहमीसारखी, म्हणजे साधारण 275 ते 295 मध्ये असते.

अर्थात या रुग्णांत सोडियम खरोखरही घटू शकतं, त्यामुळे परस्पर काही ठरवू नका. सोडियम कमी आणि टोटल प्रोटीन खूप जास्त दिसलं, तर या दोन तपासण्यांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.