बादलीभर पाण्यात मोटारीची स्वच्छता

आमच्या व्यापारी समाजात मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुकान, गोदाम, बाजारपेठ आणि मंदिर ह्यांच्या फेऱ्यांसाठी ती घरोघरी आली, आणि तिच्यामागोमाग तिच्या स्वच्छतेचा प्रश्नही आला. सकाळी नळास रबरी नळी जोडून मोटारीवर पाण्याचा लोट सोडावयाचा, हे दृश्य बेळगावात काय, इंदुरात काय किंवा हैदराबादेत काय, सारखेच दिसते. साध्या नळीतून मिनिटास १० ते १५ लिटर पाणी सहज जाते. दहा मिनिटांत १०० ते १५० लिटर पाणी गटारास मिळते. त्यातून इंदुरास नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, वीज खर्चून चढावर आणावे लागते. बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने तर २०२४ च्या मार्च महिन्यात पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला होता.

परंतु आमच्या दृष्टीने प्रश्न केवळ दंडाचा नाही. जे कुटुंब दुहेरी वस्त्रातून गाळल्याशिवाय पाणी तोंडास लावीत नाही, त्याच्याच अंगणात न गाळलेल्या पाण्याचा पाट वाहावा, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरण्ड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘प्रमादचर्या’ हा एक होय. भूमी, जल, अग्नी आणि वायू ह्यांचा निष्कारण आरंभ त्यात मोडतो. मोटार स्वच्छ ठेवण्यास प्रयोजन आहे, हे आम्ही नाकारीत नाही. प्रयोजन आहे ते बादलीभर पाण्याचे. उरलेले सव्वाशे लिटर कोणत्या सदरी लिहावयाचे, एवढाच सवाल आहे.

बादलीभर पाण्यात, वरून पुन्हा पाणी न ओतता मोटार स्वच्छ करण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. तिच्यासाठी निराळे द्रावण मिळते. साबणाचा येथे उपयोग नाही, कारण साबण लावला की तो धुऊन काढणे आलेच. ह्या द्रावणातील घटक धुळीच्या कणाभोवती वेष्टन करतात आणि कण व रंग ह्यांच्यामध्ये निसरडा थर राखतात. त्यामुळे फडक्याबरोबर धूळ उचलली जाते आणि मागे डाग राहत नाही. ‘ऑप्टिमम नो रिन्स’ ह्या नावाजलेल्या द्रावणाचे प्रमाण १ : २५६ असे आहे, म्हणजे १० लिटर पाण्यास सुमारे ४० मिलिलिटर. बाटलीवर जे प्रमाण छापलेले असेल तेच मोजून घ्यावे. दुप्पट घातल्याने मोटार दुप्पट स्वच्छ होत नाही, उलट काचेवर ओघळ उमटतात. फवारून लगेच पुसण्याचे, बादलीही न लागणारे आणखी एक द्रावण विकत मिळते. ते एखाद-दुसऱ्या दिवसाच्या हलक्या धुळीपुरतेच ठीक आहे.

तथापि आमचे मत असे की, ह्या पद्धतीत द्रावणापेक्षा फडक्याचे महत्त्व अधिक आहे. मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, त्याची जाडी साधारणतः ४०-५० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा हिस्सा. आणि आपल्या रस्त्यांवरील धुळीत गारगोटीचे जे कण असतात, ते चाकूच्या साध्या पोलादाहूनही कठीण! अनेक वसाहतींत रोज पहाटे एक मनुष्य एकच फडके आणि एकच बादली घेऊन दहा-पंधरा मोटारी पुसून जातो. त्याने पाणी वाचते हे खरे. पण पहिल्या मोटारीची वाळू पंधराव्या मोटारीवर घासली जाते, आणि वर्षभराने उन्हात पाहावे तो बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. मग मालक म्हणतो, कमी पाण्याने मोटार खराब होते, आणि पुन्हा नळीकडे वळतो. दोष पाण्याच्या कमीपणाचा नसून फडक्याचा असतो. कोणी यत्नाचार म्हणा, कोणी जयणा म्हणा. पाणी जेवढे कमी केले, तेवढी ती वाढवावी लागते.

जुने धोतर किंवा बनियन ह्या कामी नको. सुती कापड धूळ पोटात घेत नाही, पृष्ठभागावर ओढत नेते. शिवणीच्या कडा घासतात त्या वेगळ्याच. मायक्रोफायबरची जाड, लवदार, बिनशिवणीच्या कडेची सहा ते आठ फडकी घ्यावीत आणि कोपऱ्यावरची चिठ्ठी कापून टाकावी.

साधने घेताना आमच्या बांधवांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी, जी दुकानदार आपण होऊन सांगत नाही. मोटार पुसण्याचे ‘शॅमॉय’ हे अस्सल असेल तर मेंढीचे किंवा बकऱ्याचे कमावलेले चामडे असते. धुण्याच्या काही मऊ हातमोज्यांत मेंढीची लोकर कातड्यासकट असते. चाकांचे भारी ब्रश कधी डुकराच्या केसांचे असतात आणि काही पॉलिशांत मधमाशीचे मेण असते. ह्या प्रत्येकास कृत्रिम किंवा वनस्पतिजन्य पर्याय आहे. पीव्हीएचे कृत्रिम शॅमॉय आणि कार्नोबा ह्या ताडाच्या जातीचे मेण सर्वत्र मिळते. तथापि मायक्रोफायबरही निर्दोष नव्हे. ते प्लास्टिकचेच सूत असून प्रत्येक धुलाईत त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. म्हणून फडकी थोडी घ्यावीत, टिकाऊ घ्यावीत आणि दीर्घकाळ वापरावीत.

आता कृती. मोटार सावलीत असावी आणि पत्रा हातास थंड लागावा. तापलेल्या पत्र्यावर द्रावण तेथल्या तेथे सुकते. सर्व फडकी बादलीतील द्रावणात भिजत ठेवावीत. रोपांवर फवारण्याच्या हातपंपात तेच द्रावण भरून एका वेळी मोटारीचा एकच भाग भिजवावा व मिनिटभर थांबावे. पक्ष्यांची विष्ठा व चिकटलेले किडे ह्यांवर ओले फडके पाच मिनिटे ठेवावे, नखाने खरवडू नये. मग एक फडके हलके पिळून चौघडी करावी; त्यास आठ बाजू मिळतात. टपापासून आरंभ करून, दाब न देता, एका दिशेने सरळ ओढावे, गोल फिरवू नये. एक बाजू मळली की दुसरी घ्यावी, आणि आठही संपल्या की ते फडके बाजूस टाकावे. मळलेले फडके पुन्हा बादलीत बुडवावयाचे नाही, हा ह्या पद्धतीचा प्राण आहे. मागोमाग दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. टप, काचा, बॉनेट, डिकी, दरवाजांचा वरचा भाग, मग खालचा भाग, असा क्रम ठेवावा. चाकांचे फडके स्वतंत्र असावे.

पद्धतीस मर्यादा आहेत. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जाऊन आलेली मोटार पावसाळ्यात तांबड्या चिखलाने माखलेली असते. अशा मोटारीस फडके लावणे म्हणजे वाळूचा कागद लावणे होय. आधी पाच-दहा लिटर पाण्याने चिखल सोडवावा, मगच फडके हाती घ्यावे. पावसाळ्यात हे काम बहुधा पाऊसच फुकट करून देतो.

व्यापाऱ्यास शोभेल असा हिशेब पुरा मांडावयाचा तर फडकी धुण्याचे पाणीही खर्चाच्या बाजूस धरले पाहिजे. बादलीचे १०, पंपाचे २ आणि हाताने फडकी धुण्याचे सुमारे ३०, मिळून ४० ते ४५ लिटर होतात. जाहिरातीत हे तीस लिटर कोणी सांगत नाही. दोन-तीन खेपांची फडकी एकत्र धुतली, तर ह्यातही बचत होते. ती घरच्या सुती कपड्यांत मिसळू नयेत, नाहीतर त्यांचे तंतू चिकटतात. कपडे मऊ करण्याचे द्रव वापरू नये, त्याने त्यांची पाणी शोषण्याची शक्ती जाते. वाळल्यावर झाकणाच्या डब्यात ठेवावीत, आणि जे फडके जमिनीवर पडले असेल ते रंगास पुन्हा न लावता चाकांच्या कामास द्यावे.