भिंतीवरची बंदूक कशी वाचावी

आपल्या मंडळाच्या या वर्षीच्या प्रदर्शनात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या मराठी घराण्याची बंदूक मांडायची ठरली होती. घरच्यांनी चिठ्ठीसुद्धा तयार करून दिली होती : "१८५८ साली राणी लक्ष्मीबाईंच्या शेवटच्या लढाईत इंग्रजाकडून हिसकावलेली एनफिल्ड रायफल." प्रत्यक्षात प्रदर्शनात बंदूक आलीच नाही. तिचा फोटो लागला आणि त्याखाली वेगळीच चिठ्ठी लागली. दोन्ही गोष्टींना कारण मी. त्यावरून दोन-चार सभासद नाराज झाले, काहींनी "तुम्हाला एवढं कशावरून कळलं?" असेही विचारले. त्यांच्यासाठी हे टिपण.

मी काही शस्त्रांचा तज्ज्ञ नाही. उभा जन्म लेथ मशीनवर गेला, त्यामुळे लोखंडाची नळी दिसली की आधी आतला व्यास मोजायचा, ही खोड. निवृत्तीनंतर जुन्या बंदुकांची हौस लागली. हौस म्हणजे बघण्याची, मोजण्याची आणि ताडून पाहण्याची. दुरुस्तीची नाही. परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणे हा गुन्हा आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

आधी बंदूक भरलेली आहे का?

त्या घरी गेलो तेव्हा काकांनी कौतुकाने सांगितले की दर खंडेनवमीला बंदूक खाली उतरवतात, हळदकुंकू वाहतात, आणि मग नातू घोडा ओढून चाप दाबतो. "दिवाळीत तर टिकली ठेवून वाजवतो, मोठा आवाज येतो!" काकू आतून म्हणाल्या. ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि गोळी गजाने ठासून भरायची ती. भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून दिसत नाही. तपासायची रीत सोपी आहे. लाकडाची सरळ काठी नळीत हळूच सोडायची, ठोकायची नाही. ती टेकली की नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करायची. मग तीच काठी नळीच्या बाहेरून, खूण तोंडाशी धरून, आडवी ठेवायची. नळी रिकामी असेल तर काठीचे टोक घोड्याजवळच्या कानापर्यंत पोचते. इथे ते चार बोटे अलीकडेच थांबले. म्हणजे आत काहीतरी ठासलेले होते.

काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीसुद्धा पेटते. कान गंजाने बुजला होता, म्हणून आजवर निभावले. नाहीतर टिकलीची ठिणगी आत जायला किती वेळ लागतो? मी बंदूक भिंतीकडे तोंड करून आडवी ठेवली आणि मुलांना खोलीबाहेर काढले. शस्त्र शाखेत कळवून शहरातल्या एका परवानाधारक बंदूकवाल्याला बोलावले. त्याने ती आपल्या दुकानी नेऊन आतले सगळे पाण्याने भिजवले आणि बाहेर काढले. गोळी निघाली नाही. चिंधीचा बोळा, बारीक छर्रे आणि दारूचा काळा चिखल निघाला. छर्रे लढाईत नव्हे, पाखरांवर, सशावर किंवा शेतराखणीला वापरतात. पहिला पुरावा असा हाती आला.

ठासणीच्या तीन जाती

आपल्याकडच्या जुन्या घरांत सापडणाऱ्या ठासणीच्या बंदुका तीन प्रकारच्या असतात. पहिली तोड्याची : जळती वात, म्हणजे तोडा, रंजकाच्या पेल्यात टेकायचा. बरकंदाजांची ती हीच. नळी लांब, नेम बरा, पण पाऊस आला की संपले. दुसरी चकमकीची : घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा, तो पोलादावर आपटून ठिणगी पडते. तिसरी टोपीची : तांब्याची छोटी टोपी, आत स्फोटक मसाला, ती बारीक पोकळ बोंडीवर बसवायची आणि घोडा तिच्यावर आपटायचा. इंग्रजी फौजेत टोपीची बंदूक साधारण १८४० च्या आसपास रुळली. काडतुसाची बंदूक मागून भरायची, ती त्यानंतरची. (काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले, ही जाता जाता गंमत.)

काकांची बंदूक टोपीची. घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे, "टॉवर" हा शब्द आणि साल १८६०. साल वाचूनच गोष्ट १८५८ पासून सुटते. पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. जुन्या बंदुकांचे भाग अदलाबदल होतात, एकीची पट्टी दुसरीला बसते. शिवाय सरहद्द प्रांतातल्या कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या नकला भरपूर केल्या. त्यांत "टॉवर" असतो, पण एखादे अक्षर उलटे कोरलेले असते, मुकुट वाकडा असतो. इथे कोरीव काम स्वच्छ होते. तरी खरी साक्ष नळीची.

नळीच्या आत काय आहे

रायफल म्हणजे काय? जिच्या नळीच्या आत पिळाच्या खाचा आहेत ती. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. खाचा नसतील तर ती साधी, गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे मस्केट. लांबून दोन्ही अगदी सारख्या दिसू शकतात.

१८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल : नळी ३९ इंच, आतला व्यास ०.५७७ इंच (सुमारे १४.७ मिलिमीटर), आत तीन खाचा. नळीवर मागच्या बाजूला शिडीसारखी उभी होणारी खूण, तिच्यावर ९०० यार्डांपर्यंतचे आकडे. हीच ती बंदूक, जिच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून १८५७ ला ठिणगी पडली.

काकांच्या बंदुकीची नळीही ३९ इंच. तिला तीन पट्टे, दस्त्याची घडण तीच. पण नळी साफ झाल्यावर आत लहान दिवा सोडून पाहिले, तर एकही खाच नाही. व्हर्नियर लावला : १६.७ मिलिमीटर, म्हणजे ०.६५६ इंच. आणि शिडीच्या जागी नुसता लोखंडी ठोकळा, त्याला एक खाच.

हा आकडा चुकून आलेला नाही. खाचा झिजून नळी गुळगुळीत होते, पण दोन मिलिमीटरने रुंद होत नाही. ०.६५६ हे माप इंग्रज सरकारने ठरवून केलेले आहे. १८५७ नंतर देशी शिपायांच्या हाती रायफल द्यायची नाही असे ठरले. मग दिसायला एनफिल्डच, पण आतून गुळगुळीत अशी बंदूक खास हिंदुस्थानच्या फौजेसाठी काढली. पहिल्या, १८५८ च्या नमुन्यात रायफलीचीच नळी आतून कोरून मोठी केली होती. त्यामुळे तिची भिंत पातळ पडली आणि नळ्या पोचे येऊन बिघडू लागल्या. म्हणून १८५९ च्या नमुन्यात नळी जाड केली. काकांची बंदूक या दुसऱ्या प्रकारातली.

फरक किती पडतो? रायफलवाला शिपाई काही शे यार्डांवरच्या माणसाला टिपू शकतो. गुळगुळीत नळीवाल्याचा नेम शंभर यार्डांपलीकडे नशिबावर. पुन्हा कधी समोरासमोर आले तर कोण वरचढ राहील, हे आधीच नळीच्या आत ठरवून ठेवले होते.

एक पिढी मागे

आपल्या ग्वाल्हेरच्या दृष्टीने हे मला फार महत्त्वाचे वाटते. महादजी शिंद्यांच्या काळात उलटे चित्र होते. १७८४ पासून द बॉयने त्यांच्या कवायती पलटणी उभारल्या आणि आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात, बंदुका घडत. त्या विलायती मालाच्या तोडीच्या होत्या. म्हणूनच १८०३ मध्ये असई आणि लासवारी इंग्रजांना इतकी महाग पडली.

मग २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार या दोन लढाया झाल्या. पाठोपाठच्या तहाने शिंद्यांची फौज ९,००० वर आणली, त्यात पायदळ ३,००० पेक्षा जास्त नाही. जिंकलेल्या तोफांचे धातूकाम कलकत्त्याच्या ग्वाल्हेर स्मारकाला लागले. आणि १८५७ नंतर नळीच्या आतसुद्धा हात घातला.

पुढचा क्रम बघा. गोऱ्या पलटणींना १८६६ पासून मागून भरायची स्नायडर रायफल मिळाली, तेव्हा देशी पलटणींकडे गुळगुळीत नळीच राहिली. गोऱ्यांना १८७१ ची मार्टिनी-हेन्री मिळाली, तेव्हा देशींना त्यांची उतरलेली स्नायडर. गोऱ्यांना १८८८ ची ०.३०३ ची ली-मेटफर्ड आली, तेव्हा देशींना मार्टिनी. कायम एक पिढी मागे. सामान्य रयतेसाठी १८७८ चा शस्त्र कायदा होताच.

हीच चाल पुढे विसाव्या शतकातही दिसते. ईशापूरच्या कारखान्यात ०.३०३ च्या रायफली आतून कोरून ०.४१० मापाच्या, एका वेळी एकच काडतूस भरायच्या केल्या आणि त्या पोलीस व पहारेकऱ्यांना दिल्या. बाहेरून रायफल, आतून नाही. आपल्या चंबळ भागात परवान्यावर सर्रास दिसणारी ०.३१५ ची रायफलही याच विचारातून आली : ०.३०३ हे फौजेचे काडतूस खासगी माणसाला नको, म्हणून निराळ्या मापाचे. दोन्हींची काडतुसे एकमेकींना चालत नाहीत, यातच सगळे आले.

मापांचा घोळ होतो म्हणून एक खुलासा. ०.३०३, ०.५७७ हे नळीच्या व्यासाचे इंच आहेत. पण दुनाळीचे "बारा बोर" हे इंच नव्हेत. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी होईल तेवढी नळी, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर. म्हणून सोळा बोर बारापेक्षा लहान. "बाराचे बोर म्हणजे छोटी बंदूक" असे म्हणणारे आपल्याच बैठकीत भेटलेत.

काकांना सांगितले तेव्हा

हे सगळे सांगायला जाणे मला जड गेले. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आमचे पणजोबा खोटं बोलले?"

मी म्हटले, "तसं नाही काका. त्यांच्या घरात त्या लढाईची आठवण होती, आणि भिंतीवर एक बंदूक होती. आठवण टांगायला एक खुंटी लागते. पुढच्या पिढीनं दोन्ही एकाच खुंटीला टांगल्या."

घरात जुन्या कागदांचा एक गठ्ठा आहे, त्यात त्यांच्या पूर्वजांना संस्थानच्या खजिन्यावर पहाऱ्याची नोकरी असल्याचा उल्लेख आहे. मला ही बंदूक तिथली वाटते. पहारा संपल्यावर ती शेतावर गेली असावी, आत सापडलेल्या छर्ऱ्यांवरून तसेच दिसते. लढाईत हिसकावलेल्या रायफलीपेक्षा ही गोष्ट कमी नाही, हे काकांना पटायला दोन भेटी लागल्या. शेवटी नवी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली : "१८५७ नंतर देशी शिपायांसाठी मुद्दाम खाचांशिवाय बनवलेली बंदूक. साल १८६०. आमच्या घरात चार पिढ्या."

बंदूक का आली नाही, तेही सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ म्हणते की जुन्या पद्धतीचे, पुरावस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्त करूनही किंवा न करताही चालणार नाही, त्याला परवाना लागत नाही. मेख शेवटच्या अटीत आहे. ही बंदूक जुनी असली तरी चालू शकते. परवाना काकांच्या वडिलांच्या नावावर होता, ते गेल्यावर कुणी पुढे काही केले नाही. म्हणून ती सध्या परवानाधारक दुकानात जमा आहे आणि काकांचा अर्ज गेला आहे. शंभर वर्षांपुढची वस्तू असल्याने १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ती देशाबाहेर नेता येत नाही. "दिल्लीचा एक गिऱ्हाईक परदेशात चांगला भाव देतो" म्हणणारा कुणी दारात आला, तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

सभासदांना विनंती एवढीच : कुणाच्या घरी अशी बंदूक असेल तर ती बैठकीला घेऊन येऊ नका. आधी काठीची तपासणी करा, आणि काठी अलीकडेच थांबली तर हात लावू नका, परवानाधारक माणसाला बोलवा. मला तीन फोटो पाठवा : घोड्याजवळच्या पट्टीचा, नळीच्या तोंडाचा फूटपट्टी लावून, आणि नळीवरच्या मागच्या खुणेचा. एवढ्यावरून बरेच सांगता येते. आणि टिकल्या मुलांना निराळ्या पिस्तुलात वाजवू द्या.