शॉकअप गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

निपाणी, संकेश्वर, चिकोडी, बेळगाव, कुठल्याही गॅरेजात गाडी उभी करून 'खालून आवाज येतोय' एवढंच सांगा. मेस्त्री चाकाकडे बघायच्या आधीच निकाल देतो: "शॉकअप गेलाय." गाडी एका बाजूला कलली, शॉकअप गेला. टायर वाकडा झिजला, शॉकअप गेला. तवंदी घाटात वळणावर गाडी झुलली, तरी तोच. प्रत्यक्षात या तिन्ही तक्रारींमागे तीन वेगळे भाग असू शकतात. गाडीखाली स्वतः पाना घेऊन शिरायचं असेल, तर कोणता भाग काय काम करतो हे आधी माहीत हवं.

आपल्याकडे खरीखुरी छोटी स्पोर्ट्स कार दुर्मिळच. 1998च्या सुमारास सान मोटर्सची सान स्टॉर्म आली. फायबरग्लासच्या बॉडीची ही दोन माणसांची गाडी शेजारच्या गोव्यात बनायची, पण रस्त्यावर ती फारशी दिसली नाही. सीमाभागातल्या हौशी माणसाची स्पोर्ट्स कार म्हणजे जुन्या बाजारातली पालिओ 1.6, पोलो जीटी, पुंटो अबार्थ, नाहीतर स्विफ्ट. पोलोचं भारतातलं उत्पादन 2022मध्ये थांबलं. त्यामुळे या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि त्यांच्या सस्पेन्शनचं काम निघणं अटळ आहे.

"शॉकअप गेला, म्हणून गाडी बसली"

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. खड्ड्याचा पहिला दणकाही स्प्रिंगच पोटात घेते. पण दाबलेली स्प्रिंग परत उसळते, पुन्हा दबते आणि एकटीच असली तर बराच वेळ झुलत राहते. हे झुलणं थांबवणं हे शॉकअपचं काम. आतला दांडा तेलातून खालीवर होतो, तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून कोंडून जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णता बनून बाहेर पडते. म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला गरम लागतो. एकाच धुऱ्यावरच्या दोघांपैकी एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार असलेला काम करत नाही असा संशय घ्यायला हरकत नाही. मात्र सायलेन्सरच्या पाइपाजवळ हात घालताना सांभाळून.

तेव्हा गाडी एका बाजूला बसली असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुटली आहे. तुटते ती बहुधा खालच्या वेढ्याशी, जिथे चिखल साचतो आणि गंज धरतो. अशा गाडीला नवे शॉकअप घातले तरी ती फारशी उंचावत नाही. गॅसच्या शॉकअपमुळे किंचित फरक पडेल, पण तो मोजायला टेपच लागेल.

गॅसवरून आठवलं. 'गॅसचा शॉकअप हवेवर चालतो' ही समजूतही पक्की आहे. गॅसच्या शॉकअपमध्येही काम तेलच करतं. नायट्रोजन भरतात तो तेलाचा फेस होऊ नये म्हणून. फेस झाला की झडपेतून तेलाऐवजी बुडबुडे जातात आणि घाट उतरेपर्यंत शॉकअप ढिला पडतो.

"बॉनेट दाबून सोडा, कळतं"

ही परीक्षा पूर्ण मेलेला शॉकअप ओळखते, अर्धमेला नाही. हाताने दाबल्यावर दांडा सावकाश हलतो. महामार्गावर सांध्यावरून चाक जातं तेव्हा तो कितीतरी पट वेगाने हलतो आणि तेव्हा वेगळ्या झडपा उघडतात. त्यामुळे बॉनेटची परीक्षा पास झालेली गाडी महामार्गावर वळताना मात्र चाक उडवू शकते.

तेलाचंही तसंच. दांड्याच्या तोंडाशी धूळ धरलेला ओलसर थर दिसला की लोक घाबरतात. थोडी ओल चालते. सीलला वंगण मिळायला ती लागतेच. नळकांड्यावरून ओघळ खालपर्यंत आला असेल, तर मात्र तो शॉकअप संपला. उलट अगदी कोरडा दिसणारा शॉकअपही आतल्या झडपा झिजून निकामी झालेला असू शकतो.

"टकटक वाजतंय, शॉकअपच असणार"

बहुतेकदा नसतो. कमी वेगात, छोट्या खड्ड्यांवर टकटक करणारा पहिला संशयित म्हणजे लिंक रॉड, स्टॅबिलायझर बारला जोडणारी ती हातभर काडी. तिच्या टोकाचा बॉल जॉइंट ढिला झाला की आवाज थेट केबिनमध्ये येतो. दुसरा संशयित लोअर आर्मचा रबरी बुश, तिसरा खालचा बॉल जॉइंट. स्टिअरिंग उभ्या जागी फिरवताना करकर किंवा स्प्रिंग उडी मारल्यासारखा आवाज आला, तर शॉकअपच्या डोक्यावरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग बघा. लिंक रॉडची जोडी एका शॉकअपपेक्षा बरीच स्वस्त पडते. कितीतरी जण चारही शॉकअप बदलून घेतात आणि आवाज तसाच घेऊन घरी येतात.

"बुशला ऑइल मार, आवाज जाईल"

जातो, आणि थोड्या दिवसांनी बुशही जातो. नैसर्गिक रबराला खनिज तेल सोसत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं आणि फाटतं. जळकं इंजिन ऑइल, डिझेल, ग्रीस, तिन्हींचा परिणाम तोच. काही लावायचंच असेल तर सिलिकॉनचं वंगण. पण किरकिरणारा बुश बहुधा फाटलेलाच असतो आणि फाटलेल्याला औषध नाही.

बुशाबद्दलचा दुसरा गैरसमज बेळगावात विशेष रुजलेला आहे, आणि त्याला कारणही आहे. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉप यांची दाटी आहे. रेखाटन द्या, लेथवाला हवा तो भाग काटेकोर मापात काढून देतो. मग कुणीतरी सुचवतं, रबराचा बुश कशाला? नायलॉनचा टाक, आयुष्यभर बघायला नको. माप अचूक येतं, बुश घट्ट बसतो, तरी काम फसतं. कारण रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याची बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट, आतली नळी बोल्टने चॅसिसला घट्ट, आणि मधलं रबर पिळवटून सगळी हालचाल सोसतं. चाक वरखाली होतंच, शिवाय थोडं पुढेमागेही होतं, आणि तेही हेच रबर झेलतं. नायलॉन पिळवटत नाही. मग दणका ब्रॅकेटवर आणि बोल्टवर जातो आणि आवाज केबिनमध्ये येतो. ट्रॅकवरच्या गाड्या कडक बुश वापरतात, हे खरं. पण ट्रॅकवर ऊस भरलेल्या ट्रॉलीमागून खड्डे चुकवत जावं लागत नाही.

रबर पिळवटून काम करतं, ही एवढी गोष्ट लक्षात राहिली तर घरी काम करणाऱ्याची सगळ्यात मोठी चूकही टळते. गाडी स्टँडवर उचललेली, चाकं लोंबकळलेली, अशा अवस्थेत आपण लोअर आर्मचे बोल्ट शेवटचे आवळतो. आतली नळी तिथे पक्की होते. मग गाडी खाली घेतली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं. असा बुश लवकर फाटतो आणि दोष पार्टला लागतो. म्हणून बुशातून जाणारे बोल्ट आधी फक्त हाताने फिरवून ठेवायचे आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर, किंवा आर्म जॅकने तेवढाच वर उचलून, मग टॉर्क पान्याने शेवटचे आवळायचे.

"शॉकअप भरून मिळतो"

मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कचं तेल आणि सील बदलता येतं, ही नेहमीची दुरुस्ती आहे. त्यावरून कारचा शॉकअपही 'भरून' घेण्याची पद्धत पडली. पण कारचा साधा शॉकअप कारखान्यातच कायमचा बंद केलेला असतो. तो कापून, जाड तेल ओतून, वेल्डिंग करून दिला की हाताला कडक लागतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. झिजलेल्या झडपा मात्र तशाच राहतात आणि गॅस निघून गेलेला असतो. तो फक्त ताठ झाला, दुरुस्त झाला नाही.

शोरूमचाच माल घ्यायला हवा असंही नाही. कार कंपन्या बहुधा शॉकअप स्वतः बनवत नाहीत. 1961मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियासारख्या कंपन्या ते पुरवतात. तोच माल बाहेरच्या दुकानात त्यांच्या स्वतःच्या डब्यात मिळतो. पक्कं बिल घ्या आणि जोडीने घ्या. एक नवा आणि एक झिजलेला असला की ब्रेक मारताना दोन बाजू वेगवेगळ्या वागतात.

"स्प्रिंग कापली की गाडी रस्त्याला चिकटते"

स्प्रिंगचा एक वेढा कापला की गाडी खाली बसते, दिसायला झकास. पण चाकाला वर जायला उरलेली जागा कमी होते. थोडा मोठा खड्डा आला की दांड्यावरचा रबरी बंप स्टॉपर आपटतो, आणि त्या क्षणी त्या चाकाला सस्पेन्शन उरतच नाही. वळणावर हे झालं तर चाक पकड सोडतं. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला, तेच जातं.

आपल्याकडच्या गतिरोधकांचा हिशोबही करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीनुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने सहज ओलांडता येतो. गावोगावी मात्र तेवढीच उंची हातभर रुंदीत उभी केलेली दिसते. त्यावर कापलेल्या स्प्रिंगची गाडी आधी पोटाने आपटते.

स्प्रिंग कापणं 'केएच्या नंबरला चालत नाही, एमएचला चालतं' हेही चूक. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे जो, तोच पलीकडे. कंपनीच्या मूळ रचनेपासून हटणारा बदल करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये दिला. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आली. मूळ मापाचे शॉकअप, स्प्रिंग, बुश बदलणं ही निव्वळ दुरुस्ती आहे; तिला कुणाची परवानगी लागत नाही.

"हे काम घरी होतच नाही" आणि "त्यात काय, जॅक लाव"

दोन्ही टोकं चूक आहेत. या हॅचबॅकमध्ये मागे बहुधा स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असतो. मागचे शॉकअप घरी आरामात बदलता येतात. फक्त बोल्ट काढण्याआधी मागच्या बीमला जॅकचा आधार द्या. चाक खाली किती लोंबावं हे शॉकअपच धरून ठेवतो. तो सुटला की बीम खाली येतो, ब्रेकचा होस ताणला जातो आणि स्प्रिंग निसटू शकते.

पुढे मात्र मॅकफर्सन स्ट्रट असतो: अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना 1950च्या फोर्ड कॉन्सलपासून जगभर पसरली. यात स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते. धोका इथे आहे. स्प्रिंगचा ताठरपणा मिलिमीटरला 25 न्यूटन धरला आणि ती 150 मिलिमीटर दाबली, तर ती सुमारे 380 किलोच्या जोराने ढकलत असते. तिच्यातली ऊर्जा म्हणजे सुमारे 29 किलोचं वजन एक मीटरवरून पडावं, तेवढी. दांड्याच्या डोक्यावरचा मधला नट स्प्रिंग दाबण्याआधी सोडला, तर हे सगळं एका क्षणात सुटतं. त्या नटाला गाडीवर असताना हात लावायचा नाही. बाजूचे माउंटिंगचे नट काढून सगळा स्ट्रट एकसंध उतरवा आणि स्प्रिंग वेगळी करायला भिंतीवरचं किंवा स्टँडचं पक्कं यंत्र असलेल्या गॅरेजात न्या. दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर निसटतात.

स्ट्रट उतरवायची पद्धतही गाडीगणिक वेगळी. स्विफ्टमध्ये तो चाक धरणाऱ्या नकलला दोन बोल्टांनी धरलेला असतो. त्या भोकांत किंचित मोकळीक असते, त्यामुळे परत बसवताना चाकाचा कोन बदलतो आणि अलाइनमेंट करावीच लागते. पोलोत तो नकलच्या चिरेत चिमटलेला असतो आणि ती चीर फाकवायला छोटं हत्यार लागतं. हातोडीने ठोकून तो निघत नाही, निघाला तरी नकल खराब होतो.

नवा शॉकअप बसवताना दांडा पकडीने धरू नका. चकाकत्या पृष्ठभागावर ओरखडा पडला की सील पहिल्याच पावसाळ्यात फाटतं. दांड्याच्या टोकाला ॲलन की किंवा पाना लागायची सोय असते, तीच वापरा. दुकानात आडवा पडलेला शॉकअप बसवण्याआधी उभा धरून काही वेळा पूर्ण ताणा आणि दाबा, म्हणजे तेलाच्या खोलीत शिरलेली हवा निघून जाते. जाम नटांवर आदल्या रात्री गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवा. आणि गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नका. काँक्रीटच्या सपाट जमिनीवर दोन स्टँड, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे, आणि विटा मुळीच नाहीत. वीट सूचना न देता फुटते.

नायलॉन लॉकचे नट एकदाच वापरायचे असतात, आणि पोलोसारख्या गाडीत कोन मोजून आवळायचे बोल्टही नवेच लागतात. शॉकअपच्या डब्यात ते नेहमी असतातच असं नाही. माउंटिंग, बंप स्टॉपर, डस्ट कव्हर आणि हे नट-बोल्ट, सगळं एकाच वेळी मागून घ्या, नाहीतर गाडी स्टँडवर आणि तुम्ही रविवारी बंद दुकानासमोर.