मेंढ्यांचे जंत : बाटली उघडण्यापूर्वी डोळा पाहा

आम्ही कापडाचे व्यापारी. घोंगडीच्या लोकरीचा धागा मध्येच तुटू लागला की आम्ही कातणाऱ्याला दोष देत होतो. पुष्कळदा दोष मेंढीच्या पोटात असतो. जंताने पोखरलेल्या जनावराची लोकर कमजोर उगवते.

ईदेच्या बाजारासाठी आम्ही भागीदारीत सहा मेंढे पाळले होते. दर महिन्याला जंताचे एकच औषध पाजत होतो. तरी पावसाळ्यात दोन मेंढे दगावले. डॉक्टर म्हणाले, "तेच औषध वारंवार दिल्याने जंत त्याला दाद देत नाहीत."

या जंतांत सर्वांत घातक जात पीळ दिलेल्या लाल-पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. ती जठराला चिकटून रक्त पिते. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती लेंडीतून जमिनीवर पडतात. ओल व ऊब मिळाली की सुमारे आठवड्यात पिल्ले ओल्या गवतावर चढतात आणि चाऱ्याबरोबर पुन्हा पोटात जातात.

म्हणून पहिला इलाज गवताचा. पावसाळ्यात एका तुकड्यात तीन-चार दिवसच चारावे व निदान पाच आठवडे तिकडे फिरकू नये. गवत मुळापर्यंत खाऊ देऊ नये, कारण पिल्ले बुडाशीच जास्त असतात. मधल्या काळात तिथे मोठ्या गाई-म्हशी चारल्यास उत्तम. शेळ्या मात्र नकोत, त्यांनाही हेच जंत होतात.

दुसरा इलाज पाल्याचा. बाभळीच्या पाल्यात व शेंगांत तुरट द्रव्य असते, त्याने जंतांचा जोर कमी होतो. सुबाभूळही चालते, पण अति दिल्यास लोकर गळते. कडुनिंब व लसूण यांचा गुण दर वेळी सारखा येत नाही, त्यांच्यावर विसंबू नये. पेंड व पोटभर चारा मिळालेले जनावर जंताला अधिक तोंड देते.

तिसरी गोष्ट पारख. खालची पापणी उलटून आतला रंग पाहावा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी १ ते ५ अंकांचा रंगतक्ता तयार झाला. लालबुंद असेल तर औषध नको. पांढरट असेल किंवा जबड्याखाली पाणी भरले असेल, तर पाल्यावर वेळ घालवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून त्या जनावराला औषध द्यावे.

आम्ही कापड हाताने चाचपल्याशिवाय घेत नाही. मेंढ्याची पापणी पाहायला तेवढाही वेळ लागत नाही.