तीन दिवसांचा विराम (लेखांक ७)

अमेरिकी राज्यघटनेनुसार वरिष्ठ पदांवरील नियुक्त्या राष्ट्राध्यक्ष करतो, परंतु त्यांना सिनेटची, म्हणजे तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते. याला एकच अपवाद आहे, तो असा की सिनेटचा विराम चालू असताना राष्ट्राध्यक्षाला रिक्त जागा एकट्याने भरता येते आणि ती नियुक्ती सिनेटचे पुढील सत्र संपेपर्यंत टिकते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सदस्य महिनोन्‌महिने आपापल्या राज्यांत असत आणि त्यांना राजधानीत बोलावून घेणे अवघड होते, म्हणून कारभार अडू नये यासाठी केलेली ही सोय होती. दळणवळण वेगवान झाल्यावर तिची मूळ गरज संपली, अधिकार मात्र शिल्लक राहिला. विरोधकांनी अडवलेली संमती टाळण्यासाठी बिल क्लिंटन यांनी त्याचा आधार घेऊन १३९ आणि धाकट्या बुश यांनी १७१ नियुक्त्या केल्या.

बुश यांची ही वाट बंद करण्यासाठी सिनेटमधील डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये नाममात्र बैठकांची पद्धत सुरू केली. दर तीन-चार दिवसांनी एखादा सदस्य रिकाम्या सभागृहात येई, बैठक सुरू झाल्याचे जाहीर करी आणि मिनिटाभरात ती तहकूब करी, जेणेकरून विराम झाला असे कोणालाच म्हणता येऊ नये. नियमाचे अक्षर पाळून त्यामागील परस्पर संयमाचा संकेत मोडणाऱ्या अशा डावपेचांना घटनातज्ज्ञ मार्क टशनेट यांनी २००४ मध्ये ‘कॉन्स्टिट्यूशनल हार्डबॉल’ हे नाव दिले होते.

चार वर्षांत हेच हत्यार उलटले. एका सभागृहाला दुसऱ्याच्या संमतीविना तीन दिवसांहून अधिक काळ तहकूब होता येत नाही, या घटनेतील तरतुदीचा उपयोग करून रिपब्लिकन बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने २०११ मध्ये ती संमती रोखली, आणि रीड यांच्याच सिनेटला ओबामांच्या कारकिर्दीत नाममात्र बैठका भरवाव्या लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात ४४ रिपब्लिकन सिनेटरांनी, ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी स्थापन झालेल्या नव्या विभागाची रचना कायद्याने बदलल्याशिवाय त्याचा कोणताही प्रमुख मान्य करणार नाही, असे लेखी कळवले. चर्चा संपवून मतदान घेण्यासाठी त्या काळी १०० पैकी ६० मते लागत असल्याने हा नकार निर्णायक होता. येथे आक्षेप व्यक्तीला नव्हता, रीतसर संमत झालेल्या कायद्याला होता. संमतीच्या अधिकाराचा याहून मोठा विपर्यास शोधणे कठीण. दरम्यान राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळात दोनच सदस्य उरणार होते आणि तीन सदस्यांची गणपूर्ती नसेल तर मंडळाला निर्णय देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ठरवले होते.

४ जानेवारी २०१२ रोजी, ३ आणि ६ जानेवारीच्या नाममात्र बैठकांच्या मध्ये, ओबामांनी रिचर्ड कॉर्ड्रे यांना ग्राहक संरक्षणाच्या त्या विभागाचे प्रमुख नेमले आणि श्रममंडळावर तीन सदस्य बसवले. या बैठकांत कामकाज होतच नाही, म्हणून तो सलग विरामच आहे, असा त्यांच्या सल्लागारांचा युक्तिवाद होता. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथील नोएल कॅनिंग या पेप्सी बाटल्यांत भरणाऱ्या कंपनीने, कामगार संघटनेशी झालेल्या वादात मंडळाचा निर्णय विरोधात गेल्यावर, मंडळावरील या नियुक्त्यांनाच आव्हान दिले. २६ जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी त्या अवैध ठरवल्या. तीन दिवसांचा विराम अतिशय अपुरा असून दहा दिवसांहून कमी विरामही सामान्यतः पुरेसा नसतो, आणि स्वतःच्या नियमांनुसार कामकाज करण्याची क्षमता असेल तर सिनेट म्हणते तेव्हा ती सत्रात असते, असा निष्कर्ष न्यायमूर्ती ब्रायर यांनी मांडला. २३ डिसेंबर २०११ च्या अशाच एका बैठकीत सिनेटने वेतनावरील करसवलतीची मुदत वाढवणारे विधेयक प्रत्यक्ष संमत केले होते, त्यामुळे सरकारी युक्तिवादाचा पायाच ढासळला.

निकाल योग्यच होता, कारण सभागृह केव्हा भरले आहे हे राष्ट्राध्यक्ष ठरवू लागला तर संमतीची अट नावापुरती उरेल. तथापि या निकालाने सीमा एकाच बाजूला आखली. राष्ट्राध्यक्षाने केलेली कृती न्यायालयापुढे नेता येते, सिनेटने न केलेली कृती नेता येत नाही. मार्च २०१६ मध्ये मेरिक गारलँड यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले गेले, तेव्हा रिपब्लिकन सिनेटने निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण देऊन त्यांची सुनावणीही घेतली नाही, आणि त्याच पक्षाच्या बहुमताने २६ ऑक्टोबर २०२० रोजी, निवडणुकीला आठ दिवस उरले असताना, एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी संमती दिली. दोन्ही वेळा घटनेतील एकाही अक्षराचा भंग झाला नाही.

विधिमंडळाच्या दोन सत्रांमधील काळ कार्यकारी सत्तेने आपल्या सोयीसाठी वापरावा का, हा प्रश्न भारतात अध्यादेशांच्या रूपाने उभा राहिला. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले, त्यांपैकी अनेक पुन्हापुन्हा जारी करून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले, आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी त्या नोंदी धुंडाळून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या खटल्याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.