हस्ताक्षरवळणाचा नाजूक टंक : स्वरूप आणि उपयोजन

प्रास्ताविक

लिपी, हस्ताक्षर आणि टंक या तीन संज्ञा परस्परांहून भिन्न आहेत. लिपी ही समाजाने स्वीकारलेली चिन्हव्यवस्था होय. हस्ताक्षर हा त्या व्यवस्थेचा व्यक्तिगत आविष्कार, तर टंक म्हणजे मुद्रणासाठी सिद्ध केलेला, एकाच घडणीच्या अक्षरांचा संच. हस्ताक्षरवळणाच्या टंकात या दोन प्रवृत्तींचा मेळ घालावा लागतो.

स्वरूप

रोमन लिपीतील ‘स्नेल राउंडहँड’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये सुलेखन शिकवणाऱ्या चार्ल्स स्नेल यांच्या वळणावरून मॅथ्यू कार्टर यांनी १९६० च्या दशकात हा टंक घडवला. टोकदार, लवचिक लेखणी खाली येताना दाब पडून रेघ जाड होते आणि वर जाताना केसासारखी बारीक होते. या टंकाचा नाजूकपणा त्या चढउतारात आहे. शिशाच्या खिळ्यांत असे वळण साधणे कठीण होते. प्रत्येक अक्षराचा खिळा स्वतंत्र व चौकोनी असल्याने तिरप्या अक्षराचा बाहेर आलेला फाटा मोडे आणि दोन अक्षरांच्या सांध्यात फट दिसे. छायाक्षरजुळणीत खिळाच उरला नाही आणि अक्षरे परस्परांत सहज मिसळली.

देवनागरीची अडचण

रोमन हस्ताक्षरात अक्षरे तळाशी जोडली जातात, तर देवनागरीत ती शिरोरेषेने जोडली जातात. शिवाय देवनागरीची परंपरा तिरप्या कापलेल्या बोरूची आहे. तेथे रेघेची जाडी दाबावर नव्हे, तर बोरूच्या कोनावर ठरते. म्हणून देवनागरी अक्षरे केवळ तिरपी व बारीक केल्याने हस्ताक्षराचा प्रत्यय येत नाही.

मोडी लिपीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. हात न उचलता भरभर लिहिण्याच्या गरजेतून तिला वळण आले आणि इकार-उकारांतील ऱ्हस्व-दीर्घ भेद तीत पाळला गेला नाही. सरावलेला वाचक तो संदर्भावरून जाणून घेई. बालबोध मजकुराला मात्र ही मुभा नाही. ‘मद’ आणि ‘मंद’ यांत एका बिंदूचा, ‘सुत’ (पुत्र) आणि ‘सूत’ (धागा) यांत उकाराच्या वळणाचा, तर ‘सव’ आणि ‘सर्व’ यांत रफाराचा भेद आहे. नाजूक टंकात नेमक्या याच खुणा पुसट होतात. अशा वेळी केवळ शोभा उणावत नाही, तर अर्थच बदलतो.

उपयोजन

निमंत्रणपत्रिकेतील वधूवरांची नावे, मानपत्राचा मथळा, काव्यसंग्रहाचे शीर्षक अशा थोड्या व मोठ्या अक्षरांत हा टंक शोभतो. तेथे तो जिव्हाळा आणि औपचारिकता दोन्ही सुचवतो. सलग मजकूर, अर्ज, औषधाची सूचना यांसाठी तो वर्ज्य मानावा. लग्नपत्रिकेतही तिथी, वेळ व स्थळ साध्या, ठळक टंकात असावे, कारण ती पत्रिका घरातील वडीलधाऱ्यांनाही चष्म्याआडून वाचायची असते.

सारांश

टंकाची निवड हा केवळ आवडीचा प्रश्न नसून अर्थवहनाचा प्रश्न आहे. वाचकाला लागणारे भेद जो टंक राखतो, तोच सुंदर म्हणावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. लिपी, हस्ताक्षर आणि टंक यांतील भेद स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील एखादी निमंत्रणपत्रिका हातभर अंतरावरून वाचा. कोणते अनुस्वार, उकार व रफार ओळखू येत नाहीत, त्यांची नोंद करा.